पाटी आणि खिडक्या

मशीनशी बोलायला पुढे कोणता पडदा ठेवायचा, हे ठरवायचं काम सूनबाईच्या गळ्यात पडलं ते ती मीटिंगला दहा मिनिटं उशिरा पोचली म्हणून. उशिरा येणाऱ्याच्या नावावर काम टाकायचं, ही साहेबांची जुनी खोड. ती खुर्ची ओढून बसते न बसते तोच साहेब म्हणाले, "हं, तुलनेचा अहवाल यांच्याकडे." बाकीचे लगेच आपापल्या वह्यांत डोकं खुपसून बसले.

ऑफिस म्हणजे शहरातल्या नऊ रुग्णालयांच्या नोंदी सांभाळणारं केंद्र. कुणाला कुठली खाट दिली, कुणाचा रक्तगट कोणता, उद्या सकाळी कुणाचं ऑपरेशन, हे सगळं तळमजल्यावरच्या मेनफ्रेम नावाच्या अजस्र मशीनवर असायचं. मशीन थंडगार खोलीत कुलूपबंद, आणि माणसं तिच्याशी बोलायची ती वरच्या मजल्यावरच्या पडद्यांवरून. काळा पडदा, हिरवी अक्षरं. चित्र नाही, माउस नाही. यादीतला आकडा टाइप करायचा, एंटर मारायचं, की पुढचा पडदा. ऑफिसात याला सगळे 'पाटी' म्हणत. आता त्याच मशीनला रंगीत तोंडवळा द्यायची सोय निघाली होती. माउसने उघडायची, ओढायची, लहानमोठी करायची चौकटीच चौकटी. तिला 'खिडक्या' नाव पडायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. तिसराही एक प्रकार होता, इंटरनेटच्या पानातून मशीन चालवायचा, पण तो सुरक्षा विभागाने पहिल्याच दिवशी हाणून पाडला. राहिले दोन.

आणि या दोनांत निवड करायची म्हणजे मास्तरांशी पंगा घ्यायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मास्तर म्हणजे सूनबाईचे सासरे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण त्या मजल्यावरच्या प्रत्येकाला पाटी त्यांनीच शिकवली होती, म्हणून मास्तर. तेहतीस वर्षं एकाच खुर्चीवर. सूनबाई लग्नाआधीपासून तिथे प्रोग्रॅमर होती. मुलाला 'आमच्याकडे एक मुलगी आहे, कामाला चोख आहे' असं त्यांनीच सांगितलं होतं. लग्नानंतर दोघांनी एक नियम केला. ऑफिसचं दार ओलांडलं की ती 'मॅडम' आणि ते 'सर'. मास्तर हा नियम इतका कसोशीने पाळत की डबा घरी विसरला तर "मॅडम, आपल्या घरी माझा डबा राहिलाय का?" असं विचारत, आणि आजूबाजूचे हसून घेत.

सासूबाई गेल्याला चार वर्षं झाली होती. त्यानंतर मास्तरांनी एकही रजा घेतली नव्हती. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि त्याबद्दल घरात कुणी बोललेलं त्यांना खपत नसे.

सूनबाईने चाचणी सरळ ठेवली. रोजच्या कामातली दहा कामं एका कागदावर लिहिली: अडकलेला जॉब, म्हणजे मशीनला दिलेलं काम, शोधणे, तो पुन्हा चालवणे, त्याचा अहवाल उघडणे, प्रोग्रॅममधली एक ओळ बदलणे, असली. नऊ माणसं. प्रत्येकाने तीच दहा कामं आधी पाटीवर करायची, मग खिडक्यांत, आणि तिने घड्याळ लावून वेळ टिपायची. मागच्या अंगाची एक लहान खोली त्यासाठी मोकळी केली. आठ जणांचं झालं. जुन्यांना पाटी जड नव्हती, नव्यांना खिडक्या सोप्या, आणि सगळं मिळून खिडक्यांचं पारडं थोडं जड होतं.

मास्तर शेवटी आले. शर्टाच्या बाह्या दुमडल्या, खुर्ची पुढे घेतली, म्हणाले, "मॅडम, घड्याळ नीट बघा, नाहीतर चुकेल."

दहा कामं त्यांनी चार मिनिटं दहा सेकंदांत संपवली. बाकीच्यांना नऊ-नऊ मिनिटं लागली होती. ते पडदा यायची वाटच बघत नव्हते. पहिला पडदा उघडतोय तोवर त्यांनी पुढच्या तीन पडद्यांचे आकडे टाइप करून ठेवलेले असत, आणि मशीन मागून धापा टाकत यायची. मजल्यावर याला 'मास्तरांची आगाऊ रक्कम' म्हणत. सूनबाईने हे शंभरदा पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही. तिला मनापासून कौतुक वाटलं, आणि हे आपल्या घरातलं माणूस आहे याचा अभिमानही.

मग तिने खिडक्या उघडून दिल्या.

मास्तरांनी माउस हातात घेतला आणि तो टेबलावर फिरवायला लागले. पडद्यावरचा बाण वरच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. ते डावीकडे शोधत होते, मधे शोधत होते. तिने सांगितलं, "सर, उजवीकडे, वर." त्यांनी नजर नाही वळवली, अख्खी मान वळवली, आणि तरी बाण सापडला नाही. एक खिडकी उघडली तर दुसरी कुठे गेली ते कळेना. दहा मिनिटांत दोन कामं झाली. वीस मिनिटांत चार. कपाळावर घाम आला होता आणि ते म्हणत होते, "फालतू आहे हे. पोरखेळ नुसता."

सूनबाईला गेल्या काही महिन्यांतल्या गोष्टी आठवायला लागल्या. मास्तरांनी स्कूटर विकली होती, पायी चालल्याने तब्येत राहते म्हणून. घरात दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे आणि चौकटीलाच शिव्या द्यायचे. पाण्याचा पेला हाताशी ठेवला तरी "पाणी दे" म्हणायचे. तिने आपला हात त्यांच्या कानाजवळून हळूहळू पुढे आणला. गालापर्यंत आला, नाकाच्या रेषेत आला. त्यांची पापणी लवली नाही. अगदी डोळ्यांसमोर आल्यावर ते दचकले.

"बाबा, तुम्हाला दिसत नाहीये," ती म्हणाली. नियम मोडला गेला होता आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मास्तरांनी माउस बाजूला सारला. दुमडलेल्या बाह्या खाली केल्या. मग म्हणाले, "समोरचं दिसतं. बाजूचं जरा धूसर झालंय. मोतीबिंदू असणार, या वयात होतोच. पिकला की काढू."

"मग दाखवून येऊ या ना उद्या."

"कुणाला दाखवणार? या शहरातले सगळे डोळ्यांचे डॉक्टर आपल्याच नऊ रुग्णालयांत बसतात. नाव सांगितलं की केस आपल्या मशीनवर. संध्याकाळी बॅकअप घेताना माझा कागद मीच बघायचा, आणि माझ्या आधी मजल्यावरच्या सगळ्यांनी." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मशीनच्या टेपा सांभाळणाऱ्या त्या टेपवाल्याचं आठवतं ना? ऐकू कमी येतं असं फायलीत आलं आणि कोठारात बसवलं त्याला. चार वर्षं कागदाचे गठ्ठे मोजत बसला. कुणी चहालासुद्धा हाक मारत नव्हतं. सूनबाई, मी घरी बसून काय करू? तिचा फोटो बघत बसू?"

'ती' म्हणजे सासूबाई. तिच्याविषयी ते चार वर्षांत पहिल्यांदा बोलले होते.

"पाटीवर मला डोळे लागत नाहीत," ते म्हणाले. "सगळं जागच्या जागी आहे. हाताला ठाऊक आहे. चौदा महिने फक्त. तोवर ही पाटी राहू दे. नंतर तुमच्या खिडक्या लावा, दारं लावा, काय हवं ते लावा."

सूनबाई कामात चोख होती, हे मास्तरांनीच मुलाला सांगितलं होतं. त्या दिवशी तिने पहिल्यांदा कामात लबाडी केली. मास्तरांच्या खिडक्यांच्या चाचणीचा कागद तिने घडी करून पर्समध्ये टाकला आणि अहवालात लिहिलं, 'वेळेअभावी एक चाचणी घेता आली नाही.' मास्तरांची चार मिनिटं दहा सेकंद मात्र पाटीच्या सरासरीत घेतली. एवढ्याने पारडं फिरलं. साहेबांना तर नव्या गोष्टीची कटकट टळल्याचाच आनंद. पाटी पुढच्या वर्षअखेरीपर्यंत ठेवायची असं ठरलं. नव्या मंडळींनी तोंडं वाकडी केली, जुन्यांनी मास्तरांशी हात मिळवला. मास्तरांनी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "मॅडम, आकडे खोटं बोलत नाहीत." आणि मान जरा जास्तच वळवून तिच्याकडे बघितलं.

नवऱ्याला तिने सांगितलं नाही. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा. स्वभावाने सरळ आणि तापट, आणि गोष्ट कळली असती तर दुसऱ्याच दिवशी बापाला उचलून दवाखान्यात नेलं असतं. मास्तरांनी तिच्याकडून न सांगण्याचा शब्दच घेतला होता. मोतीबिंदूच तर आहे, असं ती स्वतःला समजावत राहिली. मोतीबिंदूने कुणाचं काही अडलंय का. चौदा महिन्यांनी काढून टाकू.

पुढचे दिवस विचित्र होते, आणि खरं सांगायचं तर वाईट नव्हते. ऑफिसला दोघं बरोबर जायला लागले. ती त्यांच्या डाव्या बाजूने चालायची, कारण डावीकडचं जास्त गेलं होतं. पायरी आली की "हं" म्हणायची, एवढंच. कुणाला वाटावं, सुनेला बोलता बोलता हुंकार द्यायची सवय आहे. घरातल्या खुर्च्या तिने जिथल्या तिथे ठेवायला सुरुवात केली. नवऱ्याने स्टूल हलवलं तर त्याच्यावर खेकसायची. पेला बाजूला न ठेवता बरोबर समोर ठेवायची. चालता चालता मास्तर तिला जुन्या गोष्टी सांगायचे. मशीन पहिल्यांदा आली तेव्हा ती आत न्यायला भिंत कशी फोडली होती, आणि सासूबाई ते बघायला म्हणून आल्या त्या तिथल्या थंडीने कुडकुडून दोन मिनिटांत कशा परत गेल्या. नवरा एकदा म्हणाला, "तुमचं दोघांचं हल्ली बरंच गुळपीठ आहे." तिला ते ऐकून बरं वाटलं होतं.

मधे दोन-तीनदा तिने विषय काढला. धूसर किती झालंय? तेवढंच आहे, वाढलं नाही, असं ते सांगत. तिला दिसत होतं की वाढलंय. आता पायरीला 'हं' पुरत नव्हतं, कोपराला हात लावावा लागे. पण तीन महिने राहिले होते फक्त. एवढं निभावलं, आता तोंडाशी येऊन कशाला, असं तिलाच वाटायला लागलं होतं.

मग तिच्या आईला बरं नव्हतं म्हणून ती शनिवार ते सोमवार माहेरी होती. त्या शनिवारी मशीनच्या कंपनीने सुधारणा चढवली. पाटीच्या मुख्य यादीत पाचव्या जागी एक नवी ओळ आली आणि खालची सगळी कामं एकेक घर खाली सरकली. तशी सूचना सगळ्यांच्या मेलवर आली होती, पडद्यावरही ठळक लिहिलेली होती. सोमवारी सकाळी मजल्यावरच्या प्रत्येकाने ती वाचली आणि नवा आकडा टाइप केला. मास्तरांनी नेहमीचा केला.

तो आकडा आता नोंदी बघायचा राहिला नव्हता, नोंदींची यंत्रणा बंद करायचा झाला होता. मशीनने विचारलंही, 'नक्की बंद करायची का?' पण मास्तरांची आगाऊ रक्कम आधीच भरलेली होती. प्रश्न पडद्यावर उमटायच्या आत होकाराचं बटण दाबून झालं होतं.

चाळीस मिनिटं नऊ रुग्णालयं आंधळी झाली. ऑपरेशनच्या याद्या गेल्या, रक्तगट दिसेनात, फोन खणखणत राहिले. सुदैवाने कुणाच्या जिवावर बेतलं नाही. यंत्रणा पुन्हा उभी कशी करायची हेही मास्तरांनीच पोरांना तोंडी सांगितलं, आकडा न आकडा. मग साहेब त्यांच्या खुर्चीजवळ आले आणि म्हणाले, "मास्तर, समोर लिहिलं होतं हो. एवढ्या मोठ्या अक्षरांत."

मास्तर उभे राहिले. सगळा मजला ऐकत होता. "मला दिसलं नाही," ते म्हणाले, "मला आता काहीच नीट दिसत नाही."

मंगळवारी सूनबाई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. नवरा कामावर होता, संध्याकाळी येणार होता. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले, एका यंत्राने डोळ्यातला दाब मोजला, दुसऱ्या यंत्रासमोर बसवून ठिपके मोजायला लावले. मग मास्तरांना आतल्या खोलीत बसवून त्या सूनबाईशी बोलल्या. मोतीबिंदू नव्हता. काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि मागची नस सुकते, आधी बाजूचं जातं, मग मधलं. डावा डोळा पूर्ण गेला होता. उजव्यात मधोमध चवलीच्या नाण्याएवढी जागा शिल्लक होती, तीही किती दिवस टिकेल सांगता येत नव्हतं.

"कधीपासून त्रास आहे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हातात पेन होतं.

"मला कळलं त्याला अकरा महिने झाले," सूनबाई म्हणाली. तिला तारीखसुद्धा सांगता आली असती, अहवालावर होती.

पेन थांबलं. बाई रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर तिला बरं झालं असतं.

"तेव्हा आणलं असतं तर?" तिने विचारलं.

"गेलेलं परत येत नाही. पण तेव्हा जेवढं होतं तेवढं राहिलं असतं बहुतेक. थेंब असतात, रोज घालायचे. त्याने थांबतं ते." मग त्या म्हणाल्या, "पुष्कळ लोक मोतीबिंदू समजून थांबतात."

सूनबाईने मान हलवली. मोतीबिंदूने कुणाचं काही अडलंय का, हे आपलेच शब्द तिच्या कानात वाजत होते. पाटीऐवजी खिडक्या आल्या असत्या तर मास्तरांचं बिंग महिन्याभरात फुटलं असतं. चार दिवस लाज वाटली असती, कोठारात बसावं लागलं असतं, आणि डोळे राहिले असते. अक्षरं हवी तेवढी मोठी करायची सोयसुद्धा त्या खिडक्यांत होती. तिनेच ती अहवालात तिसऱ्या पानावर लिहिली होती.

परत येताना टॅक्सीत मास्तर खिडकीशी बसले होते, बाहेर तोंड करून. बाहेरचं त्यांना दिसत नव्हतं. तिने ठरवलं होतं की घरी पोचायच्या आत सांगून टाकायचं.

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या…"

"ऐकलं मी. दार नुसतं लोटलेलं होतं." आवाज शांत होता. "अकरा महिने म्हणालीस ना?"

"हो."

"ते पुन्हा कुणाला म्हणायचं नाही."

ती रडायला लागली. त्यांनी तिचा हात शोधला. आधी सीटवर चाचपलं, मग तिच्या पर्सवर, मग हात सापडला. "हे बघ, तुला शब्दात मी अडकवलं. तू लहान होतीस का, नव्हतीस. पण मी मोठा होतो. माझी नोकरी, माझे डोळे. तुझा त्यात दोष नाही."

"आहे बाबा."

"असेल. थोडा असेल," मास्तर म्हणाले. त्यांना खोटं समाधान देता येत नसे. "पण तो तुझ्या नवऱ्याला कळला तर तुमचा संसार नासेल. मी त्याचा बाप आहे, मला माहितीय तो कसा आहे. एकदा मनात धरलं की सोडत नाही. माझ्यावर चिडला तर चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी बोलेल. बाप म्हातारा आहे, आंधळा आहे, किती दिवस चिडेल. तुझ्याबरोबर त्याला जन्म काढायचाय."

तिने डोळे पुसले. घर आलं. तिने कोपराला धरून त्यांना जिना चढवला.

नवरा सात वाजता आला. कपड्यांना अजून ग्रीसचा वास होता. तो चप्पलसुद्धा न काढता बापासमोर खुर्ची ओढून बसला आणि सगळं ऐकून घेतलं. मास्तरांनीच सांगितलं, ऑफिसातला प्रसंग सांगावा तसं, सरळ, ओळीने. डावा गेला, उजवा जाणार, वर्ष झालं असेल, मीच लपवलं.

"वर्ष?" नवऱ्याचा आवाज चढला. "वर्षभर तुम्ही गप्प बसलात? कशासाठी? त्या खुर्चीसाठी? मी इथे याच घरात राहतो ना, बाबा? मी काय परका होतो?"

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले.

"चुकलं म्हणून डोळे येणारेत का परत? आईच्या वेळी तुम्हीच म्हणाला होतात, वेळेवर सांगितलं असतं तर वाचली असती. आठवतं का? आणि तुम्ही तेच केलंत." तो बोलता बोलता रडत होता आणि त्याला त्याचाही राग येत होता. "एवढं कसं लपवता आलं तुम्हाला? ही तुमच्याबरोबर रोज जात होती, रोज येत होती. हिलासुद्धा ताकास तूर लागू दिली नाहीत?"

मास्तरांची मान खाली होती. त्यांनी ती वर केली नाही. सूनबाई कुठे उभी आहे हे त्यांना दिसत नव्हतं, पण बोलणं कुठून येणार आहे तिकडे त्यांचा कान लागला होता.

नवऱ्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. "तुला काहीच कळलं नव्हतं?"

"नाही," ती म्हणाली.

नवरा पुन्हा बापाकडे वळला आणि बोलत राहिला. मास्तर मान खाली घालून ऐकत होते.